बिनब्रेकची

दिव्यासमोर मी हलगी धरून उभा होतो, लोक टाळ्या वाजवत होते आणि हलगी काही केल्या तापत नव्हती.

मी एक पाऊल पुढे सरकलो. टाळ्या वाढल्या. आणखी सरकलो, इतका की नाक दिव्याच्या काचेला टेकलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली, तर शेजारच्यांनी त्याला गप्प केलं, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे मी प्रार्थना करत होतो. मी काचेला हळूच बोट लावलं. फ्रिजमधून काढलेल्या पातेल्यासारखी गार. त्या क्षणी माझ्या मनात जे शब्द आले, ते कुठल्याच प्रार्थनेत बसणारे नव्हते.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. ती आत्ता सांगायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या बँडवर पानभर लेख आला. लिहिणारा विद्वान माणूस आहे. त्याने 'पाचट' या आमच्या बँडच्या आवाजाचे तीन कालखंड पाडलेत. पहिला वेगाचा, दुसरा संथ आणि खर्जातला, तिसरा शब्दांचा. पहिल्यातून आम्ही दुसऱ्यात का गेलो, तर म्हणे 'महानगरी एकाकीपणाच्या तीव्र जाणिवेमुळे'. मी त्या वेळी तिथे हजर होतो. एकाकीपणा वगैरे काही नव्हतं. एसी होता.

हलगी म्हणजे गोल कड्यावर ताणून बसवलेलं कातडं. ते तापलं की चढतं, कडकडीत बोलतं, आणि गार पडलं की उतरतं. मग हलगी बोलत नाही, नुसती कुरकुरते. आमच्याकडे वाजवायच्या आधी उसाच्या पाचटाचा जाळ करतात आणि त्यावर हलगी धरतात. बँडचं नाव त्यावरूनच पडलं. अमोघच्या वडिलांना ते बिलकूल आवडलं नव्हतं. ते प्राध्यापक होते आणि पाचट म्हटल्यावर त्यांना फक्त विनोद आठवायचे.

अमोघ हा आमचा गायक, गिटारवाला आणि मालक असल्यासारखा. शिरोली नाक्यावर माझं दुचाकीचं गॅरेज होतं, तिथे तो गाडी घेऊन आला आणि भिंतीवरची हलगी बघून हरखला. मी वाजवून दाखवली. गाडी दुरुस्त व्हायच्या आत बँड स्थापन झाला होता. बेसगिटारला मिरजेचा फिरोज आला. त्याच्या घरी तंबोरे बनतात, त्यामुळे त्याला बारसं झाल्यापासून सुरात काय आणि बेसूर काय हे कळतं, आणि ते तो तोंडावर सांगतो. ड्रमवर एक मुलगा होता, तो लग्न करून मस्कतला गेला.

गावोगावच्या मैदानांत आमचं झकास चाललं होतं. वांधे झाले ते शहरातल्या बंद सभागृहांत. तिथे जाळ करू देत नाहीत. एकदा मी मेकअपच्या खोलीत चार काटक्या पेटवल्या, तर छतातून पाणी पडलं आणि पुढच्या कार्यक्रमाच्या कथक शिकणाऱ्या मुली मेकअप ओघळून रंगीत झाल्या. शेवटी मला स्टेजच्या कडेचे दिवे सापडले. जुन्या चालीचे, पितळी घंगाळाएवढे, पापड भाजून निघेल असे. दोन गाण्यांच्या मध्ये मी लोकांकडे पाठ करायचो आणि हलगी दिव्यासमोर धरायचो. हलगी टणटणीत व्हायची.

हे काय चाललंय, असं एका मुलाखतीत कुणीतरी विचारलं. त्यावर अमोघने पापणी न हलवता सांगितलं, की ही आमच्याकडची प्रकाशाला वंदन करण्याची रीत आहे. झालं. तेव्हापासून मी दिव्याकडे वळलो की टाळ्या पडायला लागल्या. पुण्यात तर एका बाईंनी हात जोडले. त्या दिवशी मी आंघोळसुद्धा केली नव्हती.

तर त्या दिवशी आम्ही मुंबईतल्या एका नव्याकोऱ्या सभागृहात होतो. जर्मनीतल्या कुठल्याशा महोत्सवाची माणसं बँड निवडायला पहिल्या रांगेत येऊन बसणार होती. दुपारी मेकअपच्या खोलीत सिद्धेश प्रधान मला बाजूला घेऊन गेला. ड्रमर गेल्यावर अमोघने त्याला आणला होता. सिद्धेशकडे वाद्य असं काही नव्हतं, लॅपटॉप होता. त्यातून ड्रम वाजायचे, व्हायोलिनं वाजायची, एकदा चुकून त्याच्या आईचा फोनही वाजला होता. मे महिन्यात त्याने गॅरेजमागे जाळ करायला लावून माझी हलगीही त्यात भरून घेतली होती, सगळे ठोके, सगळ्या चाली.

तो गोड बोलायचा. म्हणाला, "उत्तमदा, एसीमध्ये तुमची हलगी उतरते, मग सगळं गाणं उतरतं. आज तुम्ही फक्त उभे राहा, वाजवल्यासारखं करा. आवाज मी सोडतो. आवाज तुमचाच आहे."

"माझाच हाय तर तू कशाला सोडतोस?" मी म्हणालो.

अमोघ बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती. मी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं. त्याने बरंच काही सांगितलं, त्याचा सारांश असा की जर्मनी रोज येत नाही. फिरोज कोपऱ्यातून म्हणाला की मग आम्हीपण घरी जातो, चार पुतळे उभे करा. शेवटी तडजोड झाली. पहिली दोन गाणी मी वाजवायची. तिसरं 'बिनब्रेकची', आमचं सगळ्यात गाजलेलं. तोपर्यंत हलगी चढलेली राहिली, तर ती माझी. उतरली, तर लॅपटॉप. आणि मग जर्मनीतही लॅपटॉप आणि पुढे कायमचाच लॅपटॉप.

मी छाती पुढे काढून हो म्हटलं. मला दिव्यांचा भरवसा होता.

दारावरच्या रखवालदाराने माझं पाचटाचं पोतं आणि काडेपेटी काढून घेतली, तरी मला काही वाटलं नाही. दुपारभर मी हलगी टेम्पोच्या टपावर उन्हात ठेवली. मग कपडे केले. माझे कपडे म्हणजे धोतर, बाराबंदी आणि भाड्याने आणलेला फेटा. बाकीचे काळ्या टी-शर्टात, छातीवर 'पाचट' असं पांढऱ्या अक्षरांत. पोस्टरवरही तसंच असायचं, गायन अमोघ अमुक, बेस फिरोज तमुक, आणि खाली 'सोबत लोककलावंत'. पहिल्या वर्षी मी काळा टी-शर्ट मागितला होता. अमोघ म्हणाला, अरे, तू तर आमची ओळख आहेस. ओळखीला टी-शर्ट मिळत नाही, हे मला तेव्हा समजलं.

पहिलं गाणं दणक्यात झालं. दुसऱ्याच्या मध्यावर एसीने आपलं काम सुरू केलं. दुसऱ्या रांगेतल्या बायकांनी पदर अंगाभोवती घेतले आणि माझ्या हलगीचा आवाज हळूहळू घशात जायला लागला. गाणं संपताक्षणी मी दिव्याकडे वळलो.

तो नवीन चालीचा दिवा होता. पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा आणि उष्णता अजिबात नसलेला. वीज वाचवणारा, असं मला नंतर अभिमानाने सांगण्यात आलं.

मी दुसऱ्या दिव्यापुढे गेलो. तोही तसलाच. लोकांना वाटलं, आज विशेष पूजा आहे. काहीजण उभे राहिले. अमोघला माईकवर काहीतरी बोलणं भाग होतं, तो म्हणाला, "उत्तमदा आज फार खोलात गेले आहेत." हे मात्र खरं होतं.

मी परत आलो आणि हलगीवर बोट आपटलं. ढब. सिद्धेशने अमोघकडे पाहिलं. अमोघने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, शब्द दिला होता. मी मान हलवली.

आणि 'बिनब्रेकची' सुरू झालं.

मोठ्या भोंग्यांतून हलगी कडाडली. माझीच. मे महिन्याची, पाचटाच्या जाळावरची, एकही ठोका न चुकणारी. लोक खुर्च्यांत उसळायला लागले. सवयीने माझे हात काड्या फिरवत होते, हलगीपासून वीतभर लांब, आणि कुणालाच काही कळत नव्हतं. वाईट एवढंच की ती हलगी माझ्यापेक्षा चांगली वाजत होती. तिला घाम येत नव्हता, गारठा लागत नव्हता. मला तिचा हेवा वाटला. स्वतःचाच हेवा वाटण्याची पाळी दुश्मनावरही येऊ नये.

मी हात खाली सोडले.

हलगी वाजतच राहिली. पुढच्या दोन-तीन रांगांतली माणसं माझ्या हातांकडे बघायला लागली, मग भोंग्यांकडे, मग परत हातांकडे. कुणीतरी हसलं. फिरोजही हसला, पण तो माझ्या बाजूने हसला. मी काड्या कमरेला खोचल्या, चालत सिद्धेशपाशी गेलो आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं. डोक्यावर फेटा फार चावत होता म्हणून तो काढून त्याच झाकणावर ठेवला. सिद्धेश माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या लॅपटॉपला एवढं पारंपरिक स्वरूप आधी कधी आलं नव्हतं.

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट म्हणजे ड्रमही त्याच डब्यात होते. ते गेले. व्हायोलिनं गेली. एवढ्या मोठ्या सभागृहात एक गिटार आणि एक बेस नुसतेच पळत होते. अमोघ थांबला. अशी शांतता झाली की एसीचा आवाज ऐकू यायला लागला.

खरं सांगायचं तर पुढे काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. माझ्या हातात उतरलेली हलगी होती. त्यावर बारीक काडी चालेना, सैल कातडं काडी गिळून टाकतं. मग मी तळव्याने मारून पाहिलं. ढब. तो आवाज पोटात गेला. मी थांबलो, कारण सैल हलगीचा आवाज विरायला वेळ लागतो, त्याच्या आत दुसरा ठोका मारला तर नुसता चिखल होतो. विरला तसा दुसरा मारला. चांगला म्हातारा आवाज होता. जिना चढणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा.

फिरोज खुंट्या पिळायला लागला. ऐन कार्यक्रमात, सगळ्यांदेखत, त्याने तारा सैल केल्या, माझ्या ठोक्याशी कान लावून, आणखी खाली, आणखी खाली. मग त्याने एकच सूर लावला. तो माझ्या ढबच्या बरोबर खाली जाऊन बसला. फिरोजने अमोघकडे बघून मान उडवली, म्हणजे काय उभा राहिलास मर्दा, म्हण की.

जर्मनीची माणसं अमोघपासून हाताच्या अंतरावर होती. तो मला तिथेच शिव्या देऊ शकला असता आणि मी त्याला दोष दिला नसता. पण त्याने गिटार पाठीवर टाकली, माईक दोन्ही हातांनी धरला आणि त्या संथ चालीत पहिली ओळ म्हटली.

*बिनब्रेकची गाडी माझी उताराला लागली*

इथे लोक ओरडायचे, हा सहा वर्षांचा रिवाज होता. कुणी ओरडलं नाही. ओरडायला सापडेल असं त्यात काही उरलंच नव्हतं. मग त्याने दुसरी ओळ म्हटली.

*थांब म्हणणारी आई माझी मागं उभी राहिली*

ही ओळ आजवर कुणी ऐकलीच नव्हती. म्हणजे अमोघ ती दरवेळी म्हणायचा, पण नेमका त्याच जागी मी हलगी उठवायचो आणि पोरं नाचायला लागायची. आता मध्ये काही नव्हतं. ती ओळ म्हणून झाल्यावर अमोघ गाणं सोडून माझ्याकडे वळून बघत राहिला. दोन ठोके गेले, तीन गेले. मग त्याने तीच ओळ पुन्हा म्हटली आणि त्याचा आवाज कापला. तो कसलेला गायक, त्याचा आवाज कधी कापायचा नाही.

गाणं संपलं तेव्हा लगेच टाळ्या आल्या नाहीत. आल्या त्या उशिरा आणि बराच वेळ.

जर्मनीवाल्यांनी आम्हाला निवडलं नाही. त्यांना नाचायचं होतं. सिद्धेशने सामान आवरलं, माझा फेटा नीट घडी करून परत दिला आणि टॅक्सीत बसून गेला. माणूस वाईट नव्हता. माझी मे महिन्यातली हलगी अजून त्याच्याकडे आहे, ती एका मसाल्याच्या जाहिरातीत वाजते. टीव्हीवर लागली की मी आवाज मोठा करतो.

आम्ही तिघं बाहेर टेम्पोपाशी उभे होतो. बाहेर अजून ऊन होतं. टपावर ठेवल्यावर हलगी अर्ध्या तासात चढली असती, पण आता कुणाला घाई नव्हती. मी अमोघच्या शिव्यांची वाट बघत होतो. तो फेऱ्या मारत होता. शेवटी माझ्यासमोर येऊन थांबला.

"ती दुसरी ओळ," तो म्हणाला. "आईची. ती तुला कुणी शिकवली?"

"कुणी न्हाई."

"म्हणजे वडलांकडून ऐकलीस? की गावात कुणी म्हणायचं?"

"वडील माझे एस्टीत कंडक्टर हुते. ते तिकिटं फाडायचे, गाणी न्हाई. मी लिवली ती. गॅरेजमदी. सगळंच गाणं मी लिवलंय."

अमोघने फिरोजकडे पाहिलं. फिरोज आकाशाकडे बघत होता. "सीडीवर 'पारंपरिक' छापलंय," अमोघ म्हणाला.

"छापलंय की."

"तू बोलला का नाहीस?"

"इचारलं कुणी? मी गाणं म्हणून दावलं, तू म्हणालास, वा, काय जुनं रत्न हाय. मला वाटलं, बरं म्हणतोय, म्हणू दे." मी हसायला गेलो, पण हसू धड आलं नाही. "माझ्याकडनं आलं म्हणजे ते गावाचं, परंपरेचं. गाण्यात 'ब्रेक' हाय, अमोघ. परंपरेत कधी ब्रेक बघितलास?"

फिरोज फस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण अमोघ हसत नव्हता. मग मी मनातलं सगळं बोलून टाकलं. म्हणालो, गाणं परंपरेचं झालं, आवाज आज लॅपटॉपचा झाला. माझं असं त्या स्टेजवर काय राहिलं होतं? फेटा. तो पण भाड्याचा.

त्यावर अमोघने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या सभागृहाच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्याने अंगातला काळा टी-शर्ट काढला आणि माझ्या हातात दिला.

अमोघ हडकुळा. मी गॅरेजवाला. टी-शर्ट डोक्यात घातला आणि तो दंडांवर अडकला. ना वर जाईना, ना खाली येईना. आतल्या अंधारात मला फिरोजचं हसणं ऐकू येत होतं, आणि अमोघ म्हणत होता, "थांब, थांब, फाटेल." दोघांनी मिळून ओढला तेव्हा कुठे माझं डोकं बाहेर आलं आणि टी-शर्ट एका काखेत उसवला. अमोघ उघडा उभा होता, येणारेजाणारे टक लावून बघायला लागले, म्हणून त्याने माझा फेटा अंगाभोवती गुंडाळून घेतला. तसेच टेम्पोत बसून आम्ही कोल्हापूरला आलो. वाटेत जेवायला थांबलो तिथे वाढप्याने त्याला महाराज म्हणून हाक मारली.

त्यानंतर आम्ही हलगी उतरवूनच वाजवायला लागलो. तोच आमचा दुसरा कालखंड. आता उन्हातल्या मैदानावर कार्यक्रम असला की उलटी पंचाईत होते, हलगी आपोआप चढते. म्हणून मी बर्फाची थर्माकोलची पेटी घेऊन फिरतो आणि आयोजक तिच्याकडे आशेने बघतात. मग अमोघ मला गाणी मागायला लागला, पोस्टरवर 'गीत आणि हलगी: उत्तम आवळे' असं यायला लागलं, तो तिसरा कालखंड.

'बिनब्रेकची'खालचं 'पारंपरिक' मात्र तसंच राहिलं. त्या सीड्या केव्हाच घरोघरी गेल्या होत्या आणि छापलेलं कोण पुसणार.

त्यामुळेच त्या पुरवणीतल्या विद्वानाने शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय, की उत्तम आवळे यांच्या स्वतःच्या रचना बऱ्या आहेत, पण 'बिनब्रेकची' लिहिणाऱ्या त्या जुन्या अनामिक लोककवीची सर त्यांना नाही. त्याच्या मते मूळ गाणं बैलगाडीचं असावं आणि ब्रेक हा शब्द नंतर कुणीतरी घुसडला असावा. तो कवी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेला, असंही त्याने हळहळून म्हटलंय. अमोघ चवताळून खुलासा लिहायला बसला होता. मी त्याला आवरलं. आपण गेल्यावर लोक आपल्याबद्दल इतकं चांगलं बोलतात, हे किती जणांना वाचायला मिळतं?

आईला मात्र मी सगळा लेख वाचून दाखवला. तिची नजर आता अधू झाली आहे. गॅरेजचं शटर ओढून मी बँडबरोबर पहिल्यांदा निघालो, तेव्हा ती दारात येऊन थांब म्हणाली होती. मला जाऊ नको असं तिला म्हणायचं नव्हतं. भाकरी बांधून द्यायची राहिली होती, एवढंच. मी थांबलो नाही. गाडी खरोखरच बिनब्रेकची होती, एका गिऱ्हाइकाची, दुरुस्तीला आलेली.

आईने कालखंड ऐकले, एकाकीपणा ऐकला, मेलेल्या कवीबद्दल ऐकून चक् चक् केलं.

"त्यात मी हाय का?" तिने विचारलं.

"हाईस की. दुसऱ्या ओळीत."

"मग बरं लिवलंय त्यानं," ती म्हणाली आणि उठून भाकरी टाकायला गेली.